वाळूसाठी भरलेलं जहाज

माझा जावई खुर्चीत बसून काम करतो. लग्न ठरत होतं तेव्हा मी मुलीला एवढंच विचारलं होतं, "तो उचलतो काय?"

"काही उचलत नाही, बाबा. कुठलं जहाज कुठे पाठवायचं ते ठरवतो."

"म्हणजे नुसतं बोट दाखवतो."

ती हसली नाही. तेव्हाच मी ओळखलं की हे लग्न होणार.

मी नौदलाच्या गोदीत हमाल म्हणून लागलो आणि मुकादम होऊन निवृत्त झालो. माझी टोळी जहाजं भरायची. धान्य, सिमेंट, तंबू, औषधं, सुटे भाग. वजन मला खांद्यातून कळतं. खुर्चीतल्या माणसाचं काम कशाने मोजायचं हे मात्र मला कधी कळलं नाही. हा संध्याकाळी घरी यायचा तेव्हा शर्टाची इस्त्री सकाळी होती तशीच असायची.

त्याचं घरातलं नाव कासव. हे नाव त्याच्या काकूने ठेवलं होतं. काकू म्हणजे त्याच्या आईची थोरली जाऊ. ती म्हणायची, "ह्याला हाक मारली की ती आधी समुद्रावर फिरून येते, मग ह्याच्या कानात शिरते." पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा माझ्या बायकोने विचारलं, "आणखी वाढू का?" तो विचार करत राहिला. बायको बाकी सगळ्यांना वाढून परत आली, तेव्हा म्हणाला, "थोडं चालेल." ती हसून स्वयंपाकघरात गेली ती बाहेरच येईना. पुढे आमच्या घरात कोणी दारात उभं राहून चपला घालायला उशीर केला, तरी "कासवाचं जेवण चाललंय" असं म्हणायची पद्धत पडली.

चिडायचा मात्र नाही. नाकासमोर चालणारा माणूस. दोन्हीकडून आलेलं बोलणं ऐकून घ्यायचा, आणि मग दोघांनाही पटेल असं काहीतरी एका वाक्यात सांगायचा. त्याच्या कामाला असाच माणूस लागत असावा.

लग्नानंतर एकदा तो धक्क्यावर माझं काम बघायला आला. आम्ही एक जहाज भरत होतो. पाण्याचे कॅन अजून धक्क्यावरच रचलेले होते.

"मामा, पाणी शेवटी का ठेवलंय?"

"ते आधी लागणार म्हणून."

तो उभा राहून विचार करायला लागला. मी दोन खेपा चढवल्या.

"म्हणजे जहाज उलटं भरायचं," तो म्हणाला.

"उतरवणाऱ्याच्या बाजूने भरायचं, जावईबापू. तिथे माणूस तहानेने मरत असताना त्याला आधी तंबूचे खांब काढायला लावू नयेत."

त्या दिवशी क्रेनला इशारा देणारं निशाण माझ्या हातात नव्हतं. दुसऱ्या एकाकडे होतं. माझा धाकटा भाऊ जहाजाच्या पोटात माल लावत होता. जावयाने तेही विचारलं. मी सांगितलं, आमच्यात रीत आहे. आपला माणूस वजनाखाली असला की निशाण दुसऱ्याच्या हातात द्यायचं.

"हात थरथरतो म्हणून?"

"थरथरला तर परवडलं. कधीकधी माणूस मुद्दाम घाई करतो. आपल्या भावाचीही आपण गय करत नाही, हे टोळीला दाखवायला. त्या घाईत दोघे गेलेत इथे."

"बरोबर आहे," तो म्हणाला. हे मात्र लगेच म्हणाला.

त्याचं गाव म्हणजे समुद्रकाठच्या वाड्यांची एक रांग. समोर वाळूचा दांडा. दांड्याच्या आत उथळ पाणी, बाहेर खोल. होड्या भरतीला आत येतात, मोठं काही येत नाही. धक्का नाही, बंदर नाही. सगळ्यात जवळचं बंदर म्हणजे वरच्या अंगाला असलेलं शहर.

अपवाद फक्त एका जहाजाचा. त्याचा तळ सपाट आणि नाक चपटं. ते भरतीला सरळ वाळूवर चढायचं आणि नाकाचं दार उघडून खाली टाकायचं. मग त्या दारावरून गाड्याही बाहेर येतात आणि माणसंही. गोदीत आम्ही त्याला चपटी म्हणायचो. "चपटी आली" म्हटलं की नवी पोरं उगाच खूश व्हायची आणि मग जहाज बघून त्यांची तोंडं उतरायची. ही चपटी सरावासाठी त्याच्या गावच्या वाळूवर अधूनमधून लागायची. शाळा सोडून पोरं बघायला पळायची. कासव सगळ्यात मागून पोचायचा आणि सगळ्यात शेवटी परतायचा. त्याची आई त्याला कान धरून घरी न्यायची. "ती बोट तुझ्या सासऱ्याची आहे का रे?" असं काकू ओरडायची. नौदलात तो गेला त्याचं कारण हे जहाज. माझी ओळख त्याच्याशी व्हायच्या आधीपासून मी ते जहाज भरत होतो.

त्याची आई आणि काकू एका भिंतीच्या दोन बाजूंना राहायच्या. दोघींचे नवरे लवकर गेले. जन्मभर भांडल्या. पाणी सांडण्यावरून, कोंबडीवरून, कोणाच्या मुलाला आधी नोकरी लागली त्यावरून. भांडून झालं की भिंतीवरून भांडी एकमेकींकडे जायची. विहीणबाई आमच्याकडे आल्या की पहिल्या दिवशी जावेची निंदा करायच्या आणि दुसऱ्या दिवशी म्हणायच्या, "मला जायला हवं. ती तिकडे एकटी आहे."

मग समुद्राखालची जमीन हलली आणि लाट आली.

सकाळची वेळ होती. गोदीत पाणी फक्त खालीवर झालं, दोर ताणले, एवढंच. बातम्या नंतर आल्या. शहरावर लाट गेली होती आणि वाड्यांवरही. फोन बंद, रस्ता वाहून गेलेला, वर ढग. कुठे किती माणसं वाचलीत ते कोणालाच माहीत नव्हतं.

जहाजं कुठे पाठवायची ते जिथे ठरतं त्या खोलीत काय झालं ते मला जावयाने पुढे सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

निघण्यासारखी जहाजं तीन होती. एक चपटी. दुसरी जाडी, म्हणजे मोठं जहाज. त्यात दवाखाना, हेलिकॉप्टरची जागा, समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र. पण तिला खोल पाणी आणि शाबूत धक्का लागतो. तिसरी पखाल, तेलापाण्याची टाकीच ती. पोटभर गोडं पाणी, पण बाहेर नांगर टाकून उभी राहणार. पुढे ते पाणी छोट्या होड्यांनी न्यायचं.

त्याने साहेबांना आधीच सांगितलं, "माझी आई तिथे आहे. ह्यातून मला बाजूला करा."

साहेब म्हणाले, "त्या किनाऱ्यावर वाढलेला दुसरा माणूस आहे का ह्या खोलीत? दांड्यावर भरतीला किती पाणी असतं ते कोण सांगणार? बस तू."

तो बसला. त्याने सांगितलं, चपटी वाड्यांना पाठवा. तिथे दुसरं काही लागू शकत नाही. जाडी शहराला. पखाल जाडीच्या मागे. साहेबांनी मान डोलावली. आदेश गोदीत आला आणि आम्ही चपटी भरायला घेतली.

आम्ही ती वाळूसाठी भरली. तंबू, खांब, भांडी आत. त्याच्या अलीकडे अन्न. मग औषधं. आणि दाराशी पाणी, दार पडलं की पहिल्या माणसाच्या हाताला कॅन लागेल असं. टोळी चांगली राबली त्या दिवशी. कोणाला ओरडावं लागलं नाही. कॅन हातोहात जात होते. मी स्वतः रांगेत उभा होतो, मुकादमाने उभं राहायचं नसतं तरी. विहीणबाई तिकडे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. एकजण म्हणाला, "मुकादम, हा कॅन तुमच्या विहीणबाईंना द्यायला सांगा, वर माझं नाव घाला." मी म्हटलं, "तुझं नाव घातलं तर पिणार नाहीत त्या." हसले सगळे. हसायला बरं वाटत होतं.

तिकडे खोलीतही असंच कोणीतरी हसलं. नकाशे सांभाळणारा एक होता, जावयाचा चांगला मित्र. डब्यातली पोळी अर्धी करून देणारा. तो चहा घेऊन आला आणि म्हणाला, "काय कासवा, आईसाहेबांना घरपोच सेवा का?"

सगळे हसले. जावईही हसला. चहा प्याला.

मग तो पुन्हा नकाशासमोर जाऊन बसला आणि हे आपण आईसाठीच केलं का, ते तपासायला लागला. तपासायची त्याला सवयच. शहरात माणसं कितीतरी जास्त. तिथला धक्का टिकला की कोसळला, ठाऊक नाही. कोसळला असेल तर जाडी बाहेर उभी राहील आणि एवढ्या मोठ्या शहराला काहीच मिळणार नाही. मग चपटी तिथे हवी, बाजूच्या वाळूवर लागायला. वाड्यांना पखाल जाईल. पाणी तर मिळेल, होड्यांनी का होईना. ह्यात चुकीचा एकही शब्द नव्हता. तो उठला आणि साहेबांना त्याने हे सगळं सांगितलं.

"तुझी खात्री आहे?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"तुझं स्वतःचं गाव आहे, म्हणून विचारलं."

"म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला.

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खोलीतल्या लोकांना त्याच्याबद्दल आदर वाटला. नकाशेवाल्याला बोललेल्याची लाज वाटली असावी, कारण त्याने नंतर पुन्हा चहा आणून दिला.

धक्क्यावर आमचा शेवटचा कॅन चढत होता तेव्हा चपटीवरचा अधिकारी खाली आला. "मुकादम, आता शहराला जायचंय."

"मग माल बदलायला हवा. धक्क्याला लागली तर दार उघडणार नाही, माल वरून क्रेनने काढावा लागेल. पाणी सगळं दाराशी अडकलंय."

"वेळ नाही. असंच जाऊ द्या."

मी दोर सोडायला सांगितले. काहीतरी बदललंय हे कळलं. कोणी बदललं ते कळलं नाही. विचारायचं मनातही आलं नाही. माझं काम भरण्याचं होतं, ते झालं होतं.

पुढचं थोडक्यात. शहराचा धक्का शाबूत होता. लाट त्याच्यावरून गेली, पण एक दगड हलला नव्हता. जाडी सरळ धक्क्याला लागली आणि तिने सगळं पुरवलं, पाणी, दवाखाना, सगळं. चपटी बंदराबाहेर रांगेत उभी राहिली. धक्क्यावर तिच्यासाठी जागा नव्हती आणि वाळूवर लागायची गरज नव्हती. आम्ही दाराशी लावलेलं पाणी दाराशीच राहिलं.

पखाल वाड्यांसमोर दांड्याबाहेर पोचली आणि नांगर टाकून थांबली. दांड्यावर लाटा फुटत होत्या. होड्या सोडल्या, त्यातल्या दोन उलटल्या. खलाशांना कसंबसं ओढून काढलं. मग समुद्र निवळायची वाट बघत बसले. एवढं पाणी पोटात घेऊन, डोळ्यांना दिसणाऱ्या माणसांसमोर. अखेर चपटीलाच शहराहून मागे बोलावलं. ती वाळूवर लागली, दार पडलं, पहिल्या माणसाच्या हाताला कॅन लागला. आम्ही भरलं होतं अगदी तसंच. फक्त मध्ये दिवस गेले होते.

विहीणबाई जिवंत होत्या. शाळेच्या गच्चीवर, इतरांबरोबर. पायाचं हाड मोडलं होतं. काकू गेली होती. तिला मार लागला होता, पण मारापेक्षा तहानेने गेली असं विहीणबाई म्हणतात. चपटी यायच्या आदल्या दिवशी.

जावई त्यांना घरी घेऊन आला. आपल्या खोलीत त्यांची खाट टाकली. आपण बाहेरच्या खोलीत झोपायला लागला.

तो आधीसारखाच कामावर जायचा, यायचा. जेवायचा. काय वाढू म्हटलं की आता लगेच "नको" म्हणायचा. माझी लेक मला म्हणाली, "बाबा, हे आता पटकन बोलतात. मला बरं वाटत नाही." लाटेच्या कामाबद्दल त्या खोलीतल्या सगळ्यांना एक पितळी ढाल मिळाली. त्याने ती खिळ्यांच्या डब्याखाली ठेवली. लपवली म्हणावं तर तसंही नाही. डब्याला ती बरोबर बसली, डबा हलत नव्हता.

भेटायला येणाऱ्यांना विहीणबाई एकच गोष्ट सांगायच्या. मी ती इतक्यांदा ऐकली की मलाही पाठ झाली.

"आम्ही गच्चीवर. सकाळी समुद्रात ती दिसली. चपट्या नाकाची. मी लगेच ओळखली. जाऊबाईंना म्हटलं, उठा, बघा, कासवाने बोट पाठवली. त्या म्हणाल्या, कासवाने पाठवली म्हणजे उद्या येईल. एवढं लागलेलं, तरी तोंड बघा बाईचं. मी म्हटलं, नाही, आजच, ती वाळूवरच लागते, आपल्याचसाठी आहे. आम्ही लुगडं हलवलं. सगळे हलवत होते. ती तशीच पुढे गेली. वर, शहराकडे. जाऊबाई विचारत राहिल्या, आली का? मी म्हणत राहिले, वळतेय. वळतेय, थोडी कळ काढा."

इथे त्या थांबायच्या. मग म्हणायच्या, "काय झालं असेल, देव जाणे."

जावई तेव्हा खोलीत असला तर ऐकत बसायचा. उठून गेला नाही कधी. चेहऱ्यावर काही नसायचं. रिकाम्या धक्क्यावर बघत बसलेला माणूस असतो तसा.

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. विहीणबाईंना धरायला न्हाणीघरात दांडी बसवायची होती. भिंतीला भोकं मी पाडत होतो, तो विटकरीची पूड गोळा करत होता. हे काम त्याला येत नाही, पण सांगितलेलं नीट करतो. स्क्रू घट्ट करताना मी म्हटलं, "त्या दिवशी आम्ही ती वाळूसाठी भरली होती."

मी दुसरा स्क्रू लावला.

"मग अचानक शहराला म्हणाले."

"मी म्हणालो," तो म्हणाला.

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. त्याने सगळं सांगितलं, वर लिहिलंय ते. सपाट आवाजात, हवामान सांगतात तसं. नकाशेवाल्याचा विनोद सांगताना दोनदा म्हणाला, "त्याचा काही दोष नाही." मी ऐकून घेतलं. मला एकच गोष्ट सुचली आणि ती तोंडातून निघून गेली.

"निशाण दुसऱ्याच्या हातात द्यायचं असतं, जावईबापू."

"दिलं होतं, मामा. परत माझ्याच हातात ठेवलं."

आमच्या टोळीत असं कधी झालं नव्हतं. निशाण घ्यायला दुसरा हात नेहमी असायचा. मी दांडीला लटकून बघितलं. माझ्या वजनाला हलली नाही. "बघ तूही," मी म्हटलं. तोही लटकला. हलली नाही.

"आईला सांगणार?" मी विचारलं.

"सांगून काय होणार?"

"मला काय माहीत."

आणि एवढ्यावर ते तसंच राहिलंही असतं. पण विहीणबाईंचा पाय सांधला आणि त्या गावी जायचं म्हणायला लागल्या. तिथे पत्र्याच्या खोल्या उभ्या केल्या होत्या. काकूची मुलगी तिथे राहत होती. विहीणबाईंना तिच्याशेजारची खोली हवी होती.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत होतो. मी सामान बांधत होतो, कारण ते मी कोणाला बांधू देत नाही. विहीणबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. लेक नको नको म्हणत होती.

"तिकडे सगळे विचारतील, कासवाच्या बोटीचं काय झालं," विहीणबाई म्हणाल्या. "जाऊबाईंची मुलगी तर विचारणारच. तिने ऐकलंय, तिच्या आईला मी काय सांगत होते ते. मी ठरवलंय, सांगायचं, यंत्र बिघडलं होतं. बोटीचं यंत्र बिघडतं. त्यात कोणाचं काय चालतं?"

"आई," जावई म्हणाला.

"काय?"

"यंत्र बिघडलं नव्हतं."

"ते तिला कुठे माहीत आहे?"

"मीच पाठवली ती शहराला."

विहीणबाईंच्या हातात लुगड्याची अर्धी घडी होती. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिलाही हे नवीन होतं.

"तुला सांगितलं असेल कोणी," विहीणबाई म्हणाल्या.

"नाही. मला वाटलं, तिथे लोक जास्त आहेत. आणि कोणी म्हणेल, आईसाठी पाठवली." तो थांबला. "आधी इकडेच ठरवली होती. मीच बदललं."

"शहरात कामाला आली का मग ती?"

"नाही. बाहेर उभी होती."

रस्त्यावर कोणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती होत नव्हती. विहीणबाईंनी घडी पूर्ण केली. दुसरं लुगडं घेतलं. ते उलगडलं आणि तसंच मांडीवर ठेवलं.

"आधी इकडेच ठरवली होती म्हणतोस," त्या म्हणाल्या.

"हो."

"आता मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "व्याही, तुम्ही भरली ना ती?"

"मी भरली."

"कुठे जायचं म्हणून भरली होती?"

"वाळूवर लागायचं म्हणून. तुमच्याकडे. पाणी दाराशी लावलं होतं, सगळ्यात शेवटी. धक्क्यासाठी कोणी तसं भरत नाही."

त्यांनी मान हलवली. पुन्हा हलवली. वजन नीट बसलंय का ते आम्ही बघायचो तसं काहीतरी त्या आतल्या आत बघत होत्या.

"म्हणजे मी जाऊबाईंना सांगितलं, आपल्याचसाठी आहे," त्या म्हणाल्या, "ते खोटं नव्हतं."

"निघेपर्यंत नव्हतं," जावई म्हणाला.

"तेवढं पुरे."

मला वाटलं, आता रडतील. नाही रडल्या. जावईही नाही. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि त्याने मागितलंही नाही. लेकीने चहा आणला. सगळ्यांनी घेतला. कप खाली ठेवून विहीणबाई म्हणाल्या, "तिच्या मुलीला मात्र मी नाही सांगणार. मी एवढे दिवस 'वळतेय, वळतेय' म्हटलंय. आता तू चल आणि तू सांग."

"ती मला घरात घेणार नाही."

"पत्र्याची खोली आहे. बाहेरूनही ऐकू जातं."

तो विचार करायला लागला. आम्ही तिघे बसून राहिलो. पूर्वी आम्ही ह्याची टिंगल करायचो. त्या दिवशी कोणी घाई केली नाही. बाहेरची स्कूटर शेवटी चालू झाली आणि निघून गेली.

"दोन कपडे काढ माझे," तो बायकोला म्हणाला.

मी बांधलेली ट्रंक पुन्हा सोडली. प्रवासात आधी लागणार नव्हतं ते खाली घातलं. विहीणबाईंच्या घड्या, त्याचे कपडे, औषधं. तहान सगळ्यात आधी लागणार, म्हणून पाण्याची बाटली सगळ्यात शेवटी, वर ठेवली. मग झाकण लावलं. सकाळी दोघे निघाले तेव्हा मी ट्रंक उचलायला पुढे झालो. त्याने माझ्या हातातून ती घेतली. जड होती. नीट धरली नव्हती, कडी बोटांत रुतत होती. तळहात खालून घालायचा असतो. मी सांगितलं नाही. तो कोपऱ्यापर्यंत तशीच घेऊन गेला, मध्ये एकदाही खाली न ठेवता.